हिमवृष्टीचे गुण कापले!

१८ हजार रुपये गेल्याचं मला वाईट वाटतं, हे आधीच सांगून टाकतो. लोक म्हणतात, 'पैशाचं नाही हो, तत्त्वाचं आहे.' माझं दोन्हीचं आहे.

आमचा सांताक्रूझचा ग्रुप रविवारी ट्रेकला जातो. वाटांची आखणी, देखभाल, गर्दीचं नियोजन रीतसर शिकावं म्हणून मी हा १८ हजारांचा ऑनलाइन कोर्स घेतला. आधी फोन करून विचारलंही होतं, सह्याद्रीतल्या वाटांचं काही आहे का? "सर, सगळं कव्हर होतं." ते वाक्य अजून कानात आहे.

सुरुवातीचे धडे वाईट नव्हते. डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला देऊ नये, सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत ठेवावा, दरीकडची कड किंचित खाली असावी म्हणजे पाणी वाटेनं धावत न सुटता आडवं निघून जातं. सगळं बरोबर. पण पाणी किती? सांताक्रूझच्या वेधशाळेत २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. तेव्हा इथे राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न पडणारच. 'तज्ज्ञांशी थेट संवादा'त उत्तर मिळालं, "पावसाळ्यात ट्रेल बंद ठेवा." अहो, मुंबईकर डोंगरात जातो तोच मुळी पावसाळ्यात! जुलैतल्या रविवारी लोहगडाच्या पायऱ्यांवर उभं राहून दाखवा.

शेवटच्या असाइनमेंटला मी बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली शिलोंड्याची वाट घेतली. ओढा कुठे ओलांडायचा, पाणी चढलं तर कुठून मागे फिरायचं, बिबट्याचा वावर बघता किती वाजता सगळे बाहेर हवेत, पाड्यांवरच्या लोकांना त्रास नको म्हणून कुठे थांबायचं नाही, सगळं नकाशासकट लिहिलं. निकाल आला, ५० पैकी २८. खाली शेरा: 'हिमवृष्टीत वाट मोकळी कशी ठेवणार याचा उल्लेख नाही.'

बोरिवलीत हिमवृष्टी! बायकोला तो शेरा दोनदा वाचायला लावला. माझी फाइल कुणी उघडलीच नव्हती. थंड देशातली कुठलीशी चेकलिस्ट सगळ्यांना लावली जात होती, हे तेव्हा लख्ख कळलं.

मेल केला. उत्तर आलं, 'आमचे निकष जागतिक आहेत.' पैसे परत मागितले, तर मुदत सात दिवसांची, आणि ती अट दिसते पैसे भरल्यानंतरच्या पानावर. कोर्सच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इतरांना विचारलं, तर मलाच काढून टाकलं. वर महिन्याभरानं त्यांच्या जाहिरातीत 'समाधानी विद्यार्थी' म्हणून माझाच फोटो, झूमवरचा, अर्धवट तोंड उघडलेला.

आता तुमच्यासाठी.

पैसे भरण्याआधी एक पूर्ण धडा बघायला मागा, जाहिरातीची फीत नव्हे. तपासलेली एखादी जुनी असाइनमेंटही मागा. शेरे वाचले की सगळं कळतं.

परताव्याची अट लेखी घ्या आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. फोनवरच्या 'हो सर'ला काडीची किंमत नाही. अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

'आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट' म्हणजे परवाना नव्हे. महाराष्ट्रात साहसी पर्यटनाच्या आयोजकांना २०२१ च्या धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. वनक्षेत्रातल्या वाटेला वनखात्याची परवानगी लागते ती वेगळीच. कागदाच्या सोनेरी किनारीला तिथे कुणी विचारत नाही.

नकाशावाचन, उताराचं गणित, कामाचं वेळापत्रक घरबसल्या शिकता येतं. त्यासाठी एवढे पैसे मोजायचीही गरज नाही; अमेरिकेच्या वनखात्याची पायवाट बांधणीची पुस्तिका फुकट मिळते. पण घसाऱ्यावर दगड कसा बसवायचा, प्रथमोपचार कसे द्यायचे, हे स्क्रीनवर येत नाही. त्यासाठी हातात कुदळ आणि शेजारी जाणता माणूस हवा.

मळलेली वाट सापडली म्हणजे ती नीट आखलेली असते असं नाही. सरळ उतारानं खाली गेलेली वाट दोन पावसाळ्यांत ओहोळ होते. उलट कान्हेरीला जाऊन बघा. लेणी कोरणाऱ्यांनी पायऱ्यांसोबत पाण्याचे पाट आणि टाकी खोदली. कामाचा आराखडा पाणी बघून केला होता. आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली. इथला डोंगर पावसात काय करतो, हे ज्या अभ्यासक्रमात नाही तो आपल्या कामाचा नाही.

बाकी नेहमीचंच: घाई करू नका, चार जणांना विचारा, पंचतारांकित अभिप्रायांवर जाऊ नका.

आणि शिकवणाऱ्याला एवढंच विचारा, "साहेब, आमच्या पावसात डोंगरावर शेवटचे कधी चाललात?" उत्तरात 'सगळं कव्हर होतं' आलं, तर फोन ठेवा आणि पैसे खिशातच राहू द्या.