घरची डिंगी बांधताना: रुंदीचा हिशेब

काय करावे

• रुंदी पाण्याच्या रेषेवर मोजावी, काठावर नव्हे. बाजू बाहेर झुकलेल्या असल्या की काठाला ऐसपैस दिसणारी होडी पाण्यात बरीच अरुंद भरते. होडी कलल्यावर तिला सावरतो तो पाण्यातला पसारा, आणि त्याचा जोर रुंदीच्या घनाने वाढतो. लांबी तेवढीच ठेवून १.२ मीटरची रुंदी १.५ मीटर केली, तर जोर जवळजवळ दुप्पट होतो. कागदावर काढलेली रेषा पुरेशी नाही. माणसे बसल्यावर होडी कुठवर बुडते ते पाहावे.

• पहिल्या खेपेला पारखलेलाच आराखडा घ्यावा. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी घरी बांधता यावी म्हणून ‘मिरर’ डिंगी आखली. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवायचे आणि सांध्यांवर राळ व फायबरग्लासची पट्टी चढवायची. लांबी ३.३ मीटर, रुंदी सुमारे १.४. मुलांची ‘ऑप्टिमिस्ट’ २.३ मीटर लांब, तर १.१३ रुंद, म्हणजे जवळपास निम्मी. होडी लहान केली तरी माणूस लहान होत नाही!

• बसण्याची जागा आधी ठरवावी. मिररचा सांगाडा सुमारे ४५ किलोचा. दोन मोठी माणसे त्याच्या तिप्पट. तोल त्यांच्याच हाती. वाऱ्याकडच्या काठावर बसून मागे रेलता यावे म्हणून पाय अडकवायचे पट्टे हवेतच.

• हवेचे बंद कप्पे दोन्ही बाजूंना सारखे ठेवावेत.

• लाइफजॅकेट घालून, शांत उथळ पाण्यात, सोबतीला कुणी असताना होडी मुद्दाम उलटवावी. सरळ केल्यावर आत किती पाणी राहते ते पाहावे.

काय टाळावे

• रुंदीचा हव्यास. फार रुंद, सपाट तळाची होडी सुरुवातीला पाटासारखी स्थिर वाटते. मर्यादा ओलांडली की फारशी सूचना न देता पालथी होते. पालथी झाल्यावरही तितकीच स्थिर राहते, ही खरी पंचाईत.

• अरुंद होडीला मागाहून प्लास्टिकचे पिंप बांधणे. कोकणातल्या होडीची उलांडी (बाजूला बांधलेला तरंगता ओंडका) म्हणजे रुंदीच, पण तिचे आडवे दांडे आणि बांधणी मुळापासून हिशेबात धरलेली असते.

• उंच डोलकाठीचा मोह. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो: १० नॉटचा वारा १४ वर गेला की जोर दुप्पट. शीड आखडण्याची सोय पहिल्याच दिवशी करून घ्यावी.

• तळात पाणी साचू देणे. होडी कलते तिकडेच ते धावते.

• शिडाची दोरी पक्की बांधून ठेवणे. झोत आला की ती हातातून सुटली पाहिजे.