मोटारसायकलचे मागचे चाक कसे काढावे

मोटारसायकलच्या दोन चाकांपैकी पुढचे चाक वाहनास दिशा देते, तर मागचे चाक वाहनास पुढे ढकलते. एंजिनाची शक्ती साखळीवाटे मागच्या चाकाकडेच येते. त्यामुळे मागच्या चाकाभोवती साखळी, दंतचक्र, ब्रेक आणि आस यांची दाटी झालेली असते. टायर पंक्चर झाला किंवा ब्रेकचे अस्तर झिजले, म्हणजे हे चाक उतरवावे लागते. हे काम घरी करता येते. परंतु कोणता भाग कोणते बल पेलतो हे आधी जाणून घेतले पाहिजे. ज्या भागाचे कार्य आपणांस ठाऊक नाही, तो सैल करू नये व सैल केलेला विसरू नये, हाच या पाठाचा मुख्य बोध होय.

चाकावर कार्य करणारी बले

चाकाच्या मध्यातून पोलादी आस जातो. त्याची दोन्ही टोके मागच्या दुफाट्यात, म्हणजे ज्यास कारागीर ‘स्विंग आर्म’ म्हणतात त्यात, बसलेली असतात. वाहनाच्या मागील भागाचा भार या आसावर येतो. आसाचा नट दुफाट्याच्या दोन्ही बाहू व चाकाचा तुंबा यांना घट्ट आवळून धरतो.

नट आवळण्याचे कार्य तरफेच्या नियमाने चालते. तीस सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर २५ किलोग्रॅम भाराइतका जोर दिला, तर नटावर ०.३ × २५ म्हणजे ७.५ किलोग्रॅम-मीटर, अर्थात सुमारे ७३ न्यूटन-मीटर इतके परिबल पडते. बलास त्याच्या अंतराने गुणिले असता जो गुणाकार येतो, त्यास परिबल म्हणतात. आखूड पान्याने नट का हलत नाही, हे यावरून कळून येईल.

दुसरे बल ब्रेकचे. ड्रम ब्रेक असलेल्या चाकात ब्रेकचे जोडे एका स्थिर तबकडीवर बसविलेले असतात. ब्रेक दाबताच जोडे फिरत्या ड्रमवर घासतात आणि ड्रम त्या तबकडीलाही आपल्याबरोबर फिरवू पाहतो. तिला रोखून धरण्यासाठी बहुतेक मोटारसायकलींना एक पोलादी पट्टी असते. तिला ‘टॉर्क रॉड’ म्हणतात. समजा, ब्रेक लावल्याने रस्ता टायरला ५० किलोग्रॅम भाराइतक्या बलाने मागे ओढीत आहे आणि चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आहे. पट्टीचा बोल्ट आसापासून १२ सेंटिमीटर अंतरावर असेल, तर त्यावर ५० × ३० ÷ १२, म्हणजे १२५ किलोग्रॅम भाराइतका ताण येईल. बोटाएवढा हा बोल्ट दोन माणसांचे वजन पेलतो! तो पुन्हा बसविण्यास विसरल्यास तबकडी गरकन फिरते, ब्रेकचा दांडा तिच्याभोवती गुंडाळला जातो आणि धावते चाक एकाएकी जखडते.

पूर्वतयारी

वाहन कठीण व सपाट जमिनीवर उभे करावे. एंजिन बंद करून चावी काढून घ्यावी, गिअर न्यूट्रलमध्ये आणावा व धुराडे पूर्ण निवू द्यावे. आसाचा नट प्रथम, दोन्ही चाके जमिनीवर असतानाच, थोडा सैल करावा. त्या वेळी एका माणसाने वाहन धरून ठेवावे. वाहन स्टँडवर चढवून मग पान्यास हिसका दिला, तर ते कलंडण्याची भीती असते. नंतर मधल्या स्टँडवर वाहन चढवावे व पुढच्या चाकास दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावावे. ज्या वाहनास मधला स्टँड नाही, त्याला विटांचा आधार देऊन हे काम कदापि करू नये. त्यासाठी योग्य घोडीच वापरावी.

चाक काढण्याचा क्रम

साखळीचा ताण राखणाऱ्या अ‍ॅडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंस पाहून वहीत टिपून ठेवाव्या. ब्रेकच्या दांड्याचा नट काढून त्याची स्प्रिंग व पिन पुन्हा दांड्यावरच ओवून ठेवावी, म्हणजे हरवत नाही. त्यानंतर टॉर्क रॉडच्या बोल्टाची स्प्लिट पिन सरळ करून उपसावी व बोल्ट काढावा. शेवटी आसाचा नट काढून एका हाताने चाकास आधार द्यावा व दुसऱ्या हाताने आस ओढून घ्यावा. आस निघताच चाक व दुफाटा यांमधील कॉलर खाली पडते. ती कोणत्या बाजूची व कोणत्या तोंडाने होती, हे लगेच टिपावे.

येथून पुढे वाहनांचे दोन प्रकार होतात. काहींत दंतचक्र चाकासच जोडलेले असते. अशा वेळी चाक पुढे सरकवून साखळी दंतचक्रावरून उतरवावी. दुसऱ्या प्रकारात दंतचक्र दुफाट्यावरच राहते आणि चाक रबरी ठोकळ्यांमधून बाजूस ओढून घ्यावयाचे असते. या प्रकारात साखळीच्या बाजूस आसाच्या नटामागे दुसरा एक मोठा नट दिसतो. तो दंतचक्र धरून ठेवतो, म्हणून त्यास हात लावू नये.

या दुसऱ्या रचनेचे सुंदर उदाहरण बंगळूरच्या रस्त्यांवर अजूनही पाहावयास मिळते. म्हैसूर येथील आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून तयार झालेल्या जावा आणि पुढे येझ्दी या मोटारसायकलींची साखळी पूर्णपणे बंद पेटीत असे. चाक काढताना साखळी व दंतचक्र जागीच राहत. चिखल वा धूळ साखळीस लागत नसे. हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. तथापि बंगळूरचे अनेक हौशी लोक ही वाहने आजही निगुतीने चालवितात. उत्तम रचना दुरुस्ती करणाऱ्याचाही विचार करते, हे यावरून दिसून येते.

चाक सुटल्यावर वाहन किंचित कलते करून ते मडगार्डखालून बाहेर काढावे. ब्रेकची धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या अस्तरांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते व ते फुप्फुसांस घातक आहे. ती ओल्या फडक्याने पुसून घ्यावी. अस्तरास तेल वा ग्रीस लागू देऊ नये. डिस्क ब्रेकच्या वाहनात चाक बाहेर असताना ब्रेकचा पायटा दाबू नये, आणि एबीएसची तार असल्यास ती ताणू नये.

पुन्हा बसविताना

काढण्याच्या उलट क्रमाने भाग बसवावे. अ‍ॅडजस्टर दोन्ही बाजूंस सारख्याच खुणेवर असावे. अन्यथा चाक तिरपे बसून साखळी व टायर लवकर झिजतात. साखळीची ढील वाहनाच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावी. साखळी तपासताना एंजिन चालू करून चाक फिरवू नये. साखळी व दंतचक्र यांमध्ये सापडून बोटे तुटल्याची उदाहरणे आहेत. वाकविलेली जुनी स्प्लिट पिन पुन्हा न वापरता नवी घालावी. बंगळूरच्या जे. सी. रोडवरील सुट्या भागांच्या दुकानांत, किंवा कोणत्याही गावच्या तशाच दुकानात, ती अगदी स्वस्त मिळते. एवढ्या स्वल्प खर्चासाठी जीव धोक्यात घालणे शहाणपणाचे नव्हे.

सर्व नट आवळल्यावर चाक हाताने फिरवून पाहावे, ब्रेक दाबून ते थांबते की नाही याची खात्री करावी आणि मगच अंगणात सावकाश एक फेरी मारावी. पान्यांच्या शेजारी एखादा नट किंवा वायसर शिल्लक राहिला असेल, तर वाहन रस्त्यावर नेऊ नये.

स्वाध्याय

१. पान्याची लांबी दुप्पट केली, तर तेवढ्याच परिबलासाठी किती जोर लागेल?
२. टॉर्क रॉडचा बोल्ट आसापासून १२ ऐवजी १५ सेंटिमीटर अंतरावर असता, तर वरील उदाहरणात त्यावर किती ताण आला असता?
३. आपल्या परिचयाच्या एका मोटारसायकलचे मागचे चाक पाहून, ते वरीलपैकी कोणत्या प्रकारचे आहे ते आकृती काढून दाखवा.