पन्हळ नव्वद सेंटीमीटरचीच का?

प्रश्न : जुन्या जालन्यात आमचं शेती अवजारांचं छोटं वर्कशॉप आहे. मळणी यंत्राचा नवा आराखडा करतोय. मानकांचे कागद इंग्रजीत आणि आकड्यांनी भरलेले. मिस्त्री ते हातात धरत नाहीत. खरंच त्यांचा उपयोग असतो का?
– एक वाचक

उत्तर : असतो, पण आकड्यामागचं कारण कळलं तरच. आयएस 9020 हे मळणी यंत्राच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक. पेंढ्या आत सारायची पन्हळ किमान 90 सेंटीमीटर लांब हवी आणि ड्रमकडचा किमान 45 सेंटीमीटर भाग वरून झाकलेला हवा, असं ते सांगतं. नुसता आकडा वाचणाऱ्याला 45 चे 30 केले की पत्रा वाचला, एवढंच दिसतं. पण खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत आपला हात 90 सेंटीमीटर भरत नाही. म्हणून पन्हळीच्या टोकाशी उभ्या माणसाचा हात ड्रमपर्यंत पोचत नाही, आणि झाकणामुळे तो वरूनही आत जात नाही. पत्रा कापला की माणसाचा हात धोक्यात येतो. हे कारण मानक लिहिणाऱ्यांनीच आकड्याशेजारी, चित्रासकट द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

तोवर ते काम तुम्ही करा. एका यंत्राला एक पान पुरे : हाताने काढलेलं चित्र, माप, मराठीत एका ओळीचं कारण. 45 सेंटीमीटरचा पत्र्याचा फर्मा कापून वेल्डरच्या टेबलाशी टांगा. तो लावून बघायला इंग्रजी लागत नाही. पान लिहिताना मिस्त्रींना सोबत घ्या, अडचण कुठे येते ते त्यांनाच ठाऊक असतं.

मापं निवडताना एक गोष्ट सांभाळा. हात पोचू नये तिथे सर्वांत लांब हात धरायचा. स्विच किंवा दांड्यासारखं जिथे पोचायलाच हवं तिथे सर्वांत आखूड, म्हणजे बहुधा ठेंगण्या बाईचा. मळणीवर बायाही असतात, आराखड्यात मात्र त्या क्वचितच दिसतात. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने भारतीय शेतमजूर स्त्री-पुरुषांची शरीरमापं आणि ताकद मोजून 2009 मध्ये पुस्तक काढलं आहे. परदेशी तक्त्यांऐवजी ते वापरा.

भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावर भारतीय मानकं विनामूल्य मिळतात. पत्रा कापण्याआधी ताजी आवृत्ती उतरवून घ्या.