एकट्याचे जनावर जाते तेव्हा



गोठ्यातले जनावर दगावले की आपण पहिला हिशोब पैशाचा करतो. म्हैस किती लिटर दूध देत होती, विमा उतरला होता की नाही, हे प्रश्न रास्तच आहेत. पण घरात एकच माणूस आणि दावणीला एकच जनावर असेल, तर तेथे आणखी एक हिशोब असतो. त्याविषयी या पाठात आम्ही लिहीत आहोत.

पवित्र शास्त्राने हे दुःख क्षुल्लक मानलेले नाही. शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात (अध्याय १२) नाथान संदेष्टा दावीद राजाला एका गरिबाची गोष्ट सांगतो. त्या गरिबापाशी एकच मेंढी होती. ती त्याच्या घासातला घास खाई, त्याच्या कुशीत निजे. त्याला ती लेकीसारखी होती. ती हिरावली गेली हे ऐकताच राजा संतापला. 'एक मेंढीच ती' असे तो म्हणाला नाही. तोबिताच्या ग्रंथातही तरुण तोबिया प्रवासाला निघतो, तेव्हा देवदूताबरोबर त्याचा कुत्राही चालतो.

नेमके काय हरवते?

समजा, एका एकट्या म्हातारीची म्हैस गेली. त्या म्हशीने तिच्या दिवसाला शिस्त लावली होती. पहाटे धार, मग शेणघाण, वैरण, पाणी, सांजेला पुन्हा धार. दूध घालायला ती डेअरीच्या रांगेत उभी राही, तेव्हा कोणीतरी विचारीच, "मावशी, बरी हाईस न्हवं?" म्हैस गेली तशी रांग गेली, आणि रांगेबरोबर विचारपूसही गेली. मग पहाटे उठावे कशाला? एकटीसाठी चूल पेटवावी कशाला? चहात बटर बुडवून दिवस निघतो, रक्तदाबाची गोळी राहून जाते, आणि दोन-तीन महिन्यांत धडधाकट बाई खंगते.

माणूस वारले तर लोक सांत्वनाला येतात. जनावरासाठी कोणी येत नाही. रडले तर लोक हसतील म्हणून दुःख आतच कोंडते. समाजाने मान्य न केलेल्या अशा दुःखावर केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. २०२२ साली लंपी रोगाने अनेक राज्यांत गुरे गेली, तेव्हा पुष्कळ घरांत हे दुःख मुकाट्याने सोसले गेले.

शेजाऱ्यांनी काय करावे?

१. त्याच दिवशी घरी जावे. 'जनावरच होते, दुसरे घे' असे म्हणू नये. 'वेळेवर डॉक्टर आणला असता तर' असे ती व्यक्ती पुन्हा पुन्हा बोलेल. वाद न घालता ऐकून घ्यावे.

२. पुरण्यास हात द्यावा. विहीर व ओढ्यापासून दूर खोल खड्डा घ्यावा व चुना टाकावा. गुरू अचानक मरून नाकातोंडातून रक्त येत असेल, तर फाशी रोगाचा संशय धरावा. ते फाडू नये, कातडे काढू नये, पशुवैद्यास कळवावे. कुत्रा पिसाळून मेला असेल, तर मायेपोटी धन्याने त्याला अखेरपर्यंत कुशीत घेतलेले असते, हे ध्यानात ठेवावे. चावा, ओरखडा किंवा जखमेला लाळ लागली असल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी.

३. निदान पहिला महिना रोज कोणीतरी डोकावावे. जेवण झाले का, गोळी घेतली का, हे पाहावे.

४. गेलेल्या कामाच्या जागी काम द्यावे. नुसती दया दाखविल्याने माणूस उठून बसत नाही. आपले दूध डेअरीत घालण्यास तिला सांगावे, वासराला पाणी दाखविण्यास बोलवावे, चर्चमधील फुलांची व्यवस्था तिच्याकडे द्यावी. आपली कोणाला तरी गरज आहे, हे तिला कळले पाहिजे.

५. नवे जनावर घाईने गळ्यात बांधू नये. आधी गोठा स्वच्छ व निर्जंतुक करावा. तिची इच्छा झाल्यावर वय व ताकद पाहून चार कोंबड्या किंवा एखादी शेळी ठेवावी. म्हशीचे काम सत्तरीनंतर झेपतेच असे नाही.

धोक्याच्या खुणा

दोन आठवडे उलटूनही झोप नाही, अन्न नको, कशात मन नाही, 'मी तरी कशाला जगू' असे बोलणे, या खुणा दिसल्यास डॉक्टरांकडे न्यावे. हा आजार आहे, श्रद्धेची उणीव नव्हे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे विनामूल्य बोलता येते. अशा घरातील कीटकनाशके शेजाऱ्याने मागून आपल्याकडे कुलपात ठेवावीत. हे काम उद्यावर टाकू नये.

१७ जानेवारीला, मठाधिपती सांत आंतोनींच्या सणाला, अनेक ठिकाणी गुरांना आशीर्वाद दिला जातो. त्या दिवशी आलेली गुरे तर पाहावीतच. पण गेल्या वर्षी जनावर घेऊन आलेले कोण यंदा आले नाही, तेही पाहावे, आणि घरी परतताना त्यांच्या दारावरून जावे.