पोटरीतला गोळा आणि रक्तातली चरबी

चाकणच्या एका कारखान्यात मशीन चालवणारे, बावन्न वर्षांचे एक गृहस्थ मध्यंतरी माझ्याकडे आले. "डॉक्टर, बसथांब्यापासून गेटपर्यंत जाताना दोनदा थांबावं लागतं. पोटरीत गोळा येतो. दोन मिनिटं उभं राहिलं, की जातो." वाताचा त्रास समजून त्यांनी सहा महिने तेल चोळले होते. मी पावलांच्या नाड्या पाहिल्या. उजवी लागतच नव्हती.

चालताना येणारी आणि थांबताच जाणारी अशी वेदना अनेकदा रक्तवाहिनीची असते. कोलेस्टेरॉल शरीराला लागतेच. पण ते वाहून नेणारे 'एलडीएल' कण वाढले, की धमनीच्या अस्तरात साचतात आणि वाट अरुंद होते. तंबाखू व मधुमेह हे काम झपाट्याने पुढे नेतात. बसल्या जागी पायाला रक्त पुरते; चालताना स्नायूंना जास्त लागते, ते पोचत नाही.

तपासणी सोपी आहे. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागायचे. उत्तर ०.९ किंवा कमी आले, तर पायाच्या धमनीत अडथळा आहे असे समजावे. अशा रुग्णाच्या हृदयाच्या व मेंदूच्या वाहिन्यांनाही धोका असतो. म्हणून दुखणे पायाचे असले, तरी उपचार साऱ्या शरीराचा करावा लागतो.

पहिले, विडी-सिगारेट, तंबाखू, मिश्री पूर्ण बंद. दुसरे, स्टॅटिनची गोळी. एलडीएल ७० मिलिग्रॅमच्या खाली, शक्यतो ५५ च्या खाली आणावे. आपल्या पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सने ज्या कुळातल्या बुरशीपासून पेनिसिलीन बनवले, त्याच कुळातल्या बुरशीत जपानच्या अकिरा एन्डो यांना १९७० च्या दशकात पहिले स्टॅटिन सापडले. रिपोर्ट चांगला आला, तो गोळीमुळे. म्हणून ती मनाने बंद करू नये. तिसरे, डॉक्टरांच्या सल्ल्याने चालणे: दुखेपर्यंत चालावे, थांबावे, पुन्हा चालावे. असे अर्धा तास, आठवड्यातून निदान तीनदा, तीन महिने.

रात्री झोपेत पाऊल दुखणे, बोटाची जखम न भरणे, बोट काळे पडणे ही पाय गमावण्याची सूचना असते. पाय एकाएकी गार व पांढरा पडला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

आमच्या त्या गृहस्थांनी विडी सोडली. आता ते गेटपर्यंत एकदाच थांबतात. वाचकहो, तुमच्या घरात कुणी असे थांबत असेल, तर तेल चोळण्याआधी नाडी तपासून घ्या.