लेकराचं हृदय आणि एमआरआय
नांदेड-लातूरकडच्या शाळांत दरवर्षी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. 'हृदयात आवाज आहे' म्हटलं की पालक घाबरतात. आधी टूडी इको होतो. एमआरआय मोजक्यांनाच लागतो. त्यात क्ष-किरण नसतात, पण वेळ फार. हृदय सतत धडधडतं, श्वास चालू. पाच वर्षांचं पोर श्वास किती वेळ रोखणार? चित्र पुसट येतं, म्हणून गुंगी द्यावी लागते. फुप्फुसात तर हवाच जास्त, पाणी कमी, त्यामुळे संकेत क्षीण. वेगवान पद्धतीत यंत्र कमी मोजमापं घेतं, बाकीचं चित्र संगणक गणिताने पुरं करतो; काही तपासण्या चालू श्वासातही जमतात. तपासणीआधी डॉक्टरांना विचारा, गुंगीशिवाय होईल का? आणि पथकाने दिलेली चिठ्ठी दप्तरातच राहू देऊ नका.