‘फेअर’ : एक विशेषण, अर्थ अनेक

विशेषण नामाच्या आश्रयाने राहते. नाम बदलले की त्याचा अर्थही पालटतो. इंग्रजीतील ‘फेअर’ हा शब्द याचे उत्तम उदाहरण होय.

प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘सुंदर’ असा होता. कालांतराने त्याला ‘उजळ वर्णाचा’ हा अर्थ चिकटला आणि आपल्याकडील विवाहविषयक जाहिरातींत तो घट्ट रुजला. गोरेपणालाच सौंदर्य मानण्याच्या वृत्तीवर टीका वाढल्यानंतर २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ गेला व तेथे ‘ग्लो’ आला.

‘फेअर वेदर’ म्हणजे स्वच्छ हवामान, तर ‘फेअर कॉपी’ म्हणजे खाडाखोड नसलेली पक्की प्रत. गुणांकनाच्या तक्त्यात मात्र हा शब्द जपून वाचावा. तेथे ‘गुड’च्या खालची पायरी ‘फेअर’ असते. अर्थ एवढाच की, काम बरे आहे. वार्षिक अहवालातील असा शेरा ही प्रशंसा नव्हे. (‘ट्रेड फेअर’मधील ‘फेअर’ हे नाम असून ते लॅटिन भाषेतून आलेले, सर्वस्वी निराळे आहे.)

व्यवहारात ‘फेअर’ म्हणजे रास्त, न्याय्य. ‘फेअर प्राइस शॉप’ला मराठीत रास्त भावाचे दुकान म्हणतात. उसाच्या ‘एफआरपी’तील पहिले अक्षरही हेच. रास्त व किफायतशीर असा हा दर कारखान्याने शेतकऱ्यास द्यावयाचा किमान दर असतो. त्याहून अधिक देण्यास आडकाठी नसते.

बँकेच्या कागदपत्रांत हा शब्द केवळ शोभेचा नाही. रिझर्व्ह बँकेने मे २००३ मध्ये कर्ज देणाऱ्या बँकांसाठी ‘फेअर प्रॅक्टिसेस कोड’ची मार्गदर्शक तत्त्वे दिली. कर्जाच्या अर्जाची पोच देणे आणि अटींतील बदलाची पूर्वसूचना देणे यांचा त्यांत समावेश होता. ऑगस्ट २०२३ च्या सूचनेच्या शीर्षकातही ‘फेअर’ आहे. कर्जाच्या अटींचे पालन न झाल्यास दंड हा शुल्क म्हणून आकारावा, व्याजदरात मिसळू नये आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज लावू नये, असे ती सांगते. क्रेडिट कार्डे तिच्या कक्षेबाहेर ठेवलेली आहेत.

म्हणूनच कर्जखात्याच्या उताऱ्यात दंडाची रक्कम दिसल्यास ग्राहकाने ती शुल्क आहे की व्याज, हे शाखेत अवश्य विचारावे. कर्मचाऱ्यानेही तो हिशेब उलगडून दाखवावा.